वाचकांचे प्रश्न : कोळशाचे तेल आणि तळाशी उरलेला गाळ

दोन अंकांपूर्वी याच सदरात इंधनांविषयी लिहिताना कोळशाच्या द्रवीकरणाचा उल्लेख ओघात आला होता. त्यावर हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या वाचकांची पत्रे आली. बहुतेकांना तेलाबद्दल कुतूहल होते. मला मात्र तेल निघून गेल्यावर उरणाऱ्या काळ्या ऐवजाबद्दल अधिक लिहावेसे वाटते, कारण या विषयातला खरा हिशेब तिथेच होतो. सहा पत्रे निवडली आहेत; पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (पावस) : आमच्या आगरात विहीर खणताना जांभा संपल्यावर करडी चिकणमाती लागली आणि तिच्यात लाकडासारखी दिसणारी काळी ढेकळे मिळाली. ती वाळवल्यावर जळतात, पण धूर फार होतो. हा कोळसा आहे काय? यापासून पेट्रोल करता येते असे मुलगा म्हणतो.

उत्तर : आपण वर्णन केलेले ढेकूळ लिग्नाइटाचे, म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबलेल्या कोळशाचे असणार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्याखाली गाडल्या गेलेल्या जुन्या मातीच्या थरांत असे लिग्नाइट सापडते, ही गोष्ट भूवैज्ञानिकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि विहिरी खणणाऱ्या गड्यांना त्यांच्याही आधीपासून. त्यात लाकडाचे तंतू नुसत्या डोळ्यांनी दिसतात, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे.

चिरंजीवांचे म्हणणेही तत्त्वतः खरे आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेर्गियुस यांनी १९१३ साली उच्च दाबाखाली कोळशात हायड्रोजन मिसळून तेल करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, १९२७ साली लॉयना येथे तपकिरी कोळशावर, म्हणजे आपल्या ढेकळाच्याच भाऊबंदावर, मोठा कारखाना सुरू झाला, आणि १९३१ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेर्गियुस व कार्ल बॉश यांना विभागून मिळाले. त्यामागचा विचार सरळ आहे. दगडी कोळशात कार्बनच्या दर शंभर अणूंमागे हायड्रोजनचे साधारण ऐंशी अणू असतात, तर खनिज तेलात सुमारे एकशे ऐंशी. ही तूट भरून काढली आणि कोळशाचे मोठमोठे रेणू तोडले की तेल मिळते. त्यासाठी ४०० ते ४५० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट किंवा त्याहूनही अधिक दाब लागतो.

लिग्नाइटाची अडचण त्याच्यातल्या ऑक्सिजनमध्ये आहे. कोरड्या लिग्नाइटात वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो. तो सगळा पाण्याच्या रूपाने बाहेर काढायचा म्हटले, तर शंभर किलोमागे अडीच किलो हायड्रोजन नुसते पाणी करण्यात खर्ची पडेल. महागडा हायड्रोजन देऊन बदल्यात पाणी घेण्याचा हा व्यवहार आहे, आणि पाणी तर आपल्या विहिरीत आहेच. शिवाय आपल्याकडचे हे थर पातळ आणि तुटक आहेत. तेव्हा पेट्रोलचा विचार सोडून द्यावा. मात्र अशा थरांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असण्याचा संभव असतो आणि हवा लागली की त्यापासून आम्लधर्मी, लोहयुक्त पाणी तयार होते, म्हणून विहिरीचे पाणी पिण्यापूर्वी तपासून घ्यावे.

प्रश्न (देवरूख) : मी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. द्रवीकृत कोळशाच्या विश्लेषणात 'तेल', 'अस्फाल्टीन', 'प्रीअस्फाल्टीन' आणि 'अविद्राव्य अवशेष' असे चार भाग सांगतात. हे चार वेगळे पदार्थ आहेत काय? आणि कोळशाचे किती टक्के रूपांतर झाले हे कसे ठरवतात?

उत्तर : हे चार पदार्थ नव्हेत, चार चाळण्या आहेत. एकाच काळ्या मिश्रणातला जो भाग पेंटेन किंवा हेक्झेनमध्ये विरघळतो त्याला तेल म्हणायचे. जो त्यांत विरघळत नाही पण टोल्युइनमध्ये विरघळतो तो अस्फाल्टीन. टोल्युइनलाही दाद न देता टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळतो तो प्रीअस्फाल्टीन. आणि कशातच विरघळत नाही तो अवशेष, ज्यात न बदललेला कोळसा आणि खनिज द्रव्ये असतात. पूर्वी टोल्युइनच्या जागी बेंझीन आणि टेट्राहायड्रोफ्युरानच्या जागी पिरिडीन वापरीत असत. द्रावक बदलला की सीमाही सरकते, म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी दोघांनी कोणता द्रावक वापरला हे अवश्य पाहावे. प्रबंधांतून ही काळजी घेतलेली फार थोड्या वेळा दिसते.

हे काम सॉक्सलेट उपकरणात चालते. गाळणकागदाच्या नळकांड्यात नमुना भरायचा, खाली द्रावक उकळत ठेवायचा आणि वर थंड होऊन ठिबकणाऱ्या द्रावकाने नमुना पुन्हा पुन्हा धुऊन काढायचा. हेक्झेन प्रथम गवती चहासारखा पिवळसर उतरतो, टोल्युइन काळपट तपकिरी उतरते, आणि टेट्राहायड्रोफ्युरानच्या वेळी तर नळी शाईने भरल्यासारखी दिसते. उतरणारा द्रव रंगहीन होईपर्यंत थांबायचे असते आणि त्याला कधी कधी एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. टेट्राहायड्रोफ्युरान जुने असेल तर त्यात पेरॉक्साइड साचलेली असतात व ते आटवताना स्फोट होऊ शकतो. बाटली उघडल्यावर पहिली चाचणी पेरॉक्साइडचीच करावी.

आता रूपांतराचा हिशेब. कोळशाचे तेल होते, वायू होतो, पाणी होते, पण राख कुठे जात नाही. या एका गोष्टीवर सगळे गणित उभे आहे. समजा, कोरड्या कोळशात दहा टक्के राख आहे आणि अविद्राव्य अवशेषात राखेचे प्रमाण साठ टक्के भरले. शंभर ग्रॅम कोळशातली दहा ग्रॅम राख जर अवशेषाचा साठ टक्के भाग असेल, तर अवशेष १६.७ ग्रॅम असला पाहिजे आणि त्यातला सेंद्रिय भाग ६.७ ग्रॅम. सुरुवातीला सेंद्रिय भाग नव्वद ग्रॅम होता, म्हणजे रूपांतर सुमारे ९२.६ टक्के झाले. अवशेष गोळा करताना थोडा सांडला तरी या पद्धतीत फरक पडत नाही, कारण आपण वजनावर अवलंबून नाही, प्रमाणावर आहोत.

चूक होते ती उत्प्रेरकापाशी. अभिक्रियेत लोहाची भुकटी टाकलेली असते आणि ती अवशेषातच उतरते. शंभर ग्रॅम कोळशामागे दोन ग्रॅम लोह ऑक्साइड टाकले आणि अवशेषात तीस टक्के राख मिळाली, तर ते दोन ग्रॅम विसरणाऱ्याला रूपांतर ७४ टक्के दिसेल. खरे उत्तर ६९ टक्के आहे. पाच टक्क्यांचा हा फरक एखादा उत्प्रेरक चांगला की वाईट हे ठरवायला पुरेसा असतो.

द्रवीकरणात टेट्रालिन हा द्रावक नेमके काय करतो, या आपल्या पत्रातल्या उपप्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. कोळशाचे रेणू तापून तुटले की त्यांची तुटकी टोके लगेच हायड्रोजन मागतात; तो मिळाला नाही तर ती एकमेकांना चिकटून कोक, म्हणजे घट्ट कार्बनी गोळा, बनतो. टेट्रालिन आपले चार हायड्रोजन अणू देऊन टाकते आणि स्वतः नॅफ्थलीन होऊन बसते, म्हणजे आपल्या आजीच्या ट्रंकेतल्या जुन्या डांबरगोळीचे द्रव्य. अभिक्रियेनंतर मिश्रणात नॅफ्थलीन किती आणि टेट्रालिन किती हे गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजले की द्रावकाने किती हायड्रोजन दिला हे कळते.

प्रश्न (रत्नागिरी तालुका) : माझा आंब्याच्या कॅनिंगचा छोटा कारखाना आहे. या हंगामात एका व्यापाऱ्याने 'कोळशापासून काढलेले तेल' फर्नेस ऑइलपेक्षा स्वस्तात दिले. उष्मांक जवळपास तेवढाच असल्याचा कागद त्याने दाखवला. पहिले आठ दिवस बॉयलर ठीक चालला, मग बर्नरचे नोझल चोंदू लागले आणि गाळणीत काळा चिकट गोळा साचू लागला. टाकीजवळ फिनाइलसारखा वास येतो. बाटलीभर नमुना पाठवीत आहे.

उत्तर : नमुना पोहोचला, बाटली तीन पिशव्यांत गुंडाळलेली असूनही टपाल आणणाऱ्याने आधी वासाचीच तक्रार केली. त्या तेलाचा एक थेंब मी पेल्यातल्या पाण्यात सोडला, तो तळाशी गेला. मग मांडवीच्या किनाऱ्यावरून आणलेल्या खाऱ्या पाण्यात सोडला, तिथेही बुडाला. नेहमीचे फर्नेस ऑइल पाण्याहून थोडे हलके असते, तेव्हा हे खनिज तेलाचे अपत्य नाही एवढे पहिल्याच मिनिटाला कळले.

पुढे थोडे तेल टोल्युइनमध्ये पातळ करून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाबरोबर हलवले. खालचा पाण्याचा थर गडद तपकिरी झाला. तो वेगळा काढून त्यात सौम्य आम्ल टाकताच तेलकट थेंब सुटले आणि कार्बोलिक साबणाचा वास खोलीभर पसरला. हे फिनॉलवर्गीय पदार्थ. कोळशात ऑक्सिजन असतो, म्हणून कोळशाच्या कोणत्याही कच्च्या तेलात ते येतातच. त्यांच्या जोडीला पिरिडीन-क्विनोलिनच्या जातीचे नायट्रोजनयुक्त पदार्थही असतात. दोन्ही वर्ग हवेच्या संपर्कात आणि उष्णतेत एकमेकांशी जुळून राळेसारखे घट्ट होत जातात. कच्चे द्रवीकृत तेल साठवून ठेवले की त्याची दाटता वाढत जाते, ती मुख्यतः यामुळे.

मात्र आपल्या गाळणीतल्या गोळ्याचे कारण वेगळे असावे. तेलात हेक्झेन टाकून पाहिले तर काळे कण झटकन खाली बसले, म्हणजे अस्फाल्टीन भरपूर आहे. आता एक गोष्ट आठवून पाहावी : नवे तेल भरण्यापूर्वी टाकीत जुने फर्नेस ऑइल किंवा पातळ करण्यासाठी डिझेल होते काय? माझा अंदाज आहे की होते. कोळशाचे तेल सुगंधी, म्हणजे बेंझीनच्या घराण्यातले असते आणि त्या संगतीत अस्फाल्टीन सुखाने विरघळून राहते. त्यात डिझेलसारखे सरळ साखळ्यांचे तेल मिसळले की प्रयोगशाळेत हेक्झेनने जे होते तेच टाकीत होते. दोन्ही तेले वेगवेगळी कदाचित जळली असती, एकत्र आली म्हणून बिघडली. ही परीक्षा कारखान्यातही करता येते. दोन्ही तेलांचे मिश्रण गरम करून त्याचा एक थेंब गाळणकागदावर टाकावा. डाग एकसारखा पसरला तर ठीक, मधोमध गडद वर्तुळ उमटले तर ते मिश्रण टाकीत जाऊ देऊ नये.

व्यापाऱ्याच्या कागदावरचा उष्मांक खोटा असेलच असे नाही. बंद पोलादी भांड्यात ऑक्सिजनच्या दाबाखाली एक ग्रॅम नमुना जाळून उष्मांक मोजतात, आणि तिथे अस्फाल्टीनही मुकाट्याने जळते. नोझल चोंदण्याचा प्रश्न त्या भांड्याला पडत नाही. म्हणून पुढच्या वेळी उष्मांकाबरोबर घनता, ५० अंशांवरची दाटता, ज्वलनबिंदू, पाणी, राख, गंधक आणि टोल्युइनमध्ये न विरघळणारा भाग, एवढे आकडे लेखी मागावेत. बेर्गियुसच्या धर्तीवर कोळशाचे थेट द्रवीकरण करून तेल विकणारा व्यावसायिक कारखाना आपल्या देशात नाही. आपल्याला मिळालेले तेल बहुधा कोक-भट्टीच्या डांबरातून किंवा तशाच एखाद्या कोरड्या ऊर्ध्वपातनातून आलेले आहे.

टाकी धुतल्यावर ते पाणी मागच्या पऱ्यात सोडण्याचा मोह टाळावा, ही विनंती मी कळकळीने करतो. पिण्याच्या पाण्यात फिनॉलवर्गीय पदार्थांची भारतीय मानकातील मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे, कारण पाण्यात क्लोरीन टाकल्यावर त्यांच्यापासून होणाऱ्या संयुगांची चव अगदी सूक्ष्म प्रमाणातही जिभेला जाणवते. या तेलाच्या जड भागात बेंझोपायरीनसारखी कर्ककारक संयुगेही असतात. गाळणी उघडणाऱ्या कामगाराला हातमोजे द्यावेत.

प्रश्न (जयगड परिसर) : आमच्याकडे १२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प आयात कोळशावर चालतो. चीनमध्ये कोळशाचे तेल करून उरलेला गाळही इंधन म्हणून वापरतात असे वाचले. तो गाळ अशा बॉयलरमध्ये जाळता येईल काय? आणि भारतीय कोळशापासून असे तेल का करीत नाहीत?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर गाळाच्या पृथक्करणात आहे. चीनमध्ये अंतर्गत मंगोलियातील ऑर्डोस येथे थेट द्रवीकरणाचा मोठा कारखाना २००८ च्या अखेरीस सुरू झाला. तिथे निर्वात ऊर्ध्वपातनाने तेल काढून घेतल्यावर तळाशी जो ऐवज उरतो तो गरम असताना काकवीसारखा वाहतो आणि थंड झाल्यावर चकचकीत, ठिसूळ, हातोडीने काचेसारखा फुटणारा होतो. त्यात प्रीअस्फाल्टीन, अस्फाल्टीन, थोडे जड तेल, न बदललेला कोळसा, राख आणि लोहाचा उत्प्रेरक असे सगळे एकत्र असते.

उष्मांकाच्या बाजूने पाहिले तर हा ऐवज मुळीच टाकाऊ नाही. उदाहरणादाखल कार्बन ७० टक्के, हायड्रोजन ४.५, ऑक्सिजन २, गंधक २, नायट्रोजन १ आणि बाकी राख असा नमुना धरू. पृथक्करणावरून उष्मांक काढण्याच्या ड्युलाँगच्या सूत्रात कार्बनचे टक्के ८०.८ ने, ऑक्सिजनचा आठवा भाग वजा केलेला हायड्रोजन ३४५ ने आणि गंधक २२.४ ने गुणून बेरीज करायची असते. ती येते किलोमागे ७१६७, म्हणजे सुमारे ७१७० किलोकॅलरी. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रांत जळणारा देशी कोळसा पुष्कळदा ३५०० ते ४५०० च्या घरात असतो, हे लक्षात घेतले म्हणजे गाळाची श्रीमंती कळेल.

तरीही कोळशाच्या भुकटीवर चालणाऱ्या बॉयलरला तो मानवत नाही. कोळसा दळताना चक्की तापते आणि बर्नरचे तोंड तर तापलेलेच असते. गाळ तिथे मऊ होऊन चिकटतो. कोळशातले पायराइट द्रवीकरणात आपले काही गंधक सोडून पायरोटाइट होते आणि ते गाळातच राहते, वर उत्प्रेरकाचे लोह असते. लोहामुळे राख कमी तापमानाला वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांवर तिचे थर जमतात. गंधक दोन टक्के असेल तर शंभर टन गाळामागे चार टन सल्फर डायऑक्साइड धुराड्यात येणार, हाही हिशेब आहे. याउलट वायुभट्टीत, म्हणजे ऑक्सिजन आणि वाफेबरोबर गाळ अर्धवट जाळून वायू करण्याच्या भट्टीत, राख वितळून खाली वाहून जाणे हेच हवे असते. शिवाय तिथे तयार होणाऱ्या वायूपासून हायड्रोजन मिळतो, आणि द्रवीकरणात सर्वांत महाग वस्तू तीच. त्यामुळे गाळ विकण्यापेक्षा कारखान्यातच त्याचा हायड्रोजन करणे मला शहाणपणाचे वाटते.

आता भारतीय कोळसा. गाळ पंपाने पुढे ढकलता यावा यासाठी त्यात घन भाग साधारण निम्म्याहून जास्त असून चालत नाही. दहा टक्के राखेच्या शंभर किलो कोळशाचे पूर्ण रूपांतर झाले असे मानले, तरी दहा किलो राखेला वाहते ठेवण्यासाठी दहा किलो जड सेंद्रिय द्रव तिच्यासोबत सोडून द्यावा लागेल. हाच हिशेब पस्तीस टक्के राखेच्या कोळशाला लावा : पस्तीस किलो राख, तिच्यासोबत पस्तीस किलो द्रव, एकूण गाळ सत्तर किलो. मुळात सेंद्रिय भागच पासष्ट किलो होता, त्यातला निम्म्याहून अधिक गाळाच्या वाटेने गेला. वायू आणि पाणी वजा केल्यावर तेल म्हणून हाती काय राहील ते वाचकांनीच ताडावे. आपल्याकडे अपवाद आहे तो आसामच्या कोळशाचा. त्यात राख कमी आणि गंधक जास्त असते. बॉयलरवाले ज्या गंधकाला नाके मुरडतात, त्यातला पायराइटाचा भाग इथे फुकटचा उत्प्रेरक ठरतो.

प्रश्न (हर्णै) : ट्रॉलरच्या इंजिनाला कोळशाचे डिझेल चालेल काय?

उत्तर : कोणत्या वाटेने केलेले, यावर ते अवलंबून आहे. वर वर्णन केलेल्या थेट द्रवीकरणाच्या तेलात वलयांकित रेणू फार असल्यामुळे त्याचा सीटेन अंक, म्हणजे इंजिनात ते किती चटकन पेटते याचे माप, कमी असतो. पुन्हा हायड्रोजन दिल्याशिवाय ते इंजिनात नीट पेटत नाही. दुसरी वाट फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांची, १९२५ च्या सुमारास निघालेली : कोळशाचा आधी वायू करायचा आणि त्या वायूपासून तेल जुळवायचे. दक्षिण आफ्रिकेत सासोलबर्ग येथे १९५५ साली याच पद्धतीने इंधन होऊ लागले. या डिझेलचा सीटेन अंक सत्तरीपलीकडे जातो आणि गंधक जवळजवळ नसते, कारण ते वायूच्या टप्प्यावरच काढून टाकावे लागते, नाहीतर पुढचा उत्प्रेरक निकामी होतो. इंजिन खूश होईल. मात्र कार्बन डायऑक्साइड पकडून साठवण्याची सोय केली नाही, तर खाणीपासून इंजिनापर्यंतचा एकूण उत्सर्ग साध्या डिझेलच्या जवळपास दुप्पट होतो.

प्रश्न (वेंगुर्ले) : होडीला लावायचे डांबर आणि रस्त्याचे डांबर एकच काय? दुकानदार दोन्हींना एकच म्हणतो.

उत्तर : शब्द एक आहे, वस्तू दोन आहेत. रस्त्याचे डांबर खनिज तेलाच्या तळाचे असते. कोळशाचे डांबर कोक-भट्टीतून येते आणि त्याला फिनॉल-नॅफ्थलीनचा उग्र वास असतो. ओळखायचे असेल तर वाटाण्याएवढा तुकडा काचेच्या बाटलीत घेऊन त्यावर रॉकेल ओतावे आणि रात्रभर ठेवावे. रस्त्याचे डांबर असेल तर सकाळी रॉकेल काळेभोर झालेले दिसेल. कोळशाचे असेल तर वरचे रॉकेल जेमतेम पिवळट होईल आणि तुकडा तळाशी बराचसा तसाच पडलेला असेल.